एकच दार, पाच जीपा

मु. हिवरतळ फाटा, ता. आटपाडी, जि. सांगली
दिनांक : १ जून १९९६

प्रति,
मा. श्री. देवदत्त गंगाधर वैद्य साहेब,
मोटार वाहन निरीक्षक,
परिवहन कार्यालय, सांगली.

अर्जदार : श्री. महेंद्र धोंडीबा ठोकळे, वेल्डिंग मिस्त्री, हिवरतळ फाटा.
अर्ज लिहिणार : अर्जदाराचा धाकटा भाऊ प्रबुद्ध.

विषय : शाळेची पोरं वाहणाऱ्या भाऊसो विभूते यांच्या काळ्या-पिवळ्या जीपला पासिंग न देणेबाबत, आणि द्यायचंच झालं तर ते कसं द्यावं त्याबाबत.

संदर्भ : १) सदर भाऊसोनं पोलिसात आमच्यावर दिलेली अपहरणाची तक्रार.
२) विश्रामबागच्या आपल्या खोलीवर तू साहेब झाल्याचं कळलं त्या दिवशी तू मला म्हणलेलास, "काम निघालं तर ओळख सांगत येऊ नको प्रबुद्ध, रीतसर अर्ज दे."

महोदय,

देवदत्त, गड्या, आधी नुसतं ऐक. मधी बोलू नको. रीतसर अर्ज दे म्हणलास, हा घे रीतसर. मला सरकारी भाषा येती तेवढी घातलीय, सरली की आपली घालतो. पर तू साताऱ्यावरनं बदली होऊन नवा आलायस, सोमवारी आटपाडीला पासिंगचा कॅम्प घेणार हायस, आणि त्या कॅम्पात तुझ्यापुढं एक जीप उभी राहणार हाय. तिचं मागचं दार लय सुंदर हाय. ते दार बघून तू खूश व्हायच्या आत हे सगळं तुझ्या कानावर घालणं भाग हाय.

१. सबब निवेदन की, हिवरतळ फाट्यावरनं शाळेला जायला सकाळच्या टायमाला वडाप जीपशिवाय दुसरी गाडी न्हाई. वडाप म्हंजे काय तुला तुझ्या गावी वाईत बसून कळायचं न्हाई. गाडी भरल्याशिवाय हालत न्हाई, आणि भरली असं ड्रायवर कधी म्हणत न्हाई. ड्रायवरच्या उजव्या अंगाला बी एक माणूस बसतंय, आणि ड्रायवर अर्धा बाहेर लोंबकळत, तिरका होऊन गाडी हाकतो. मोठी माणसं आत. शाळेची पोरं मागं. मागं म्हंजे मागच्या सीटवर न्हाई रं, मागं म्हंजे फाळक्यावर. जीपचा मागचा खालचा पत्रा आडवा पाडायचा, तो ट्यूबच्या पट्टीनं वर बांधायचा, आणि त्याच्यावर पोरं उभी करायची. एका हातानं ताडपत्रीचा गज धरायचा, दुसऱ्या हातात दप्तर. आणि वाटंत कोण मोठं माणूस चढलं, तर आत बसल्यालं पोरगं बी उठवून फाळक्यावर. आमची वस्ती पार शेवटची, म्हणून आमची पोरं आधीच फाळक्यावर. वस्ती शेवटची का, ते इचारू नको; उगीच शेवटची, असं समज.

२. सदर भाऊसो विभूते हा इसम हिवरतळचा. त्याच्या जीपला मागं दारच न्हाई. दार लावलं तर फाळका पाडता येत न्हाई, आणि फाळका पाडला न्हाई तर पोरं कुठं उभी करायची? असा त्याचा हिशोब. पोरांना सोडून आला की बाजाराच्या दिवशी त्याच गाडीत बोकडं भरायची. बोकडं उड्या मारून पुढं येत्यात, खिडकीतनं बाहीर पडत्यात म्हणून त्यानं ड्रायवरच्या पाठीमागं आणि दोन्ही खिडक्यांना बोटभर जाडीचं गज बसवून घेतलेलं. ध्यानात घे साहेब, बोकड पडू नये म्हणून गज. पोरांसाठी ट्यूबची पट्टी.

३. अर्जदार महेंद्रची थोरली पोरगी दीक्षा, तवा सातवीत. पोरगी खोखोत अशी पळायची की तालुक्याला नाव गेलतं. दीड वर्षामागं थंडीच्या दिवसात एका सकाळी ओढ्याच्या वळणाला भाऊसोनं गाडी न आवरता घातली. पट्टी तुटली, फाळका खाली गेला आणि दीक्षा उजव्या हातावर पडली. आतल्या बायांनी आरडाओरडा केला तवा गाडी थांबली. इथनं पुढचं मी तुला हळू सांगतो, कारण महेंद्र अजून हे ऐकताना उठून जातो. भाऊसोनं पोरगीला उचलून आत घातली. आणि दवाखान्यात न्हेली न्हाई. आधी स्टँडवर गेला. आतल्या माणसांची सांगलीची गाडी चुकत व्हती. मग शाळंत गेला, बाकीची पोरं सोडली. मग परत फिरून दवाखाना. पोरगीचं कोपराचं हाड बाहेर आलेलं, आणि ती सगळ्या गावभर फिरून दवाखान्यात पोचली. मी पोचलो तवा भाऊसो निघून गेलता. "माझा पुढचा नंबर लागलाय" म्हणला म्हणं.

४. हात जुळला, पर सरळ झाला न्हाई. आता तो कोपरात कायमचा मोडल्यागत दिसतो. ती डाव्या हातानं लिहायला शिकली. खोखो संपला. आणि ती कुठल्याच गाडीत बसत न्हाई. उन्हातान्हात चालत जाती, चालत येती. आमी मिटवावं म्हणून भाऊसोचा मेहुणा नारळ घेऊन आलता. भाऊसो स्वतः आला न्हाई. मेहुणा म्हणला, "पोरीचा हात हाय, पदराखाली झाकतो." वहिनीनं तो नारळ त्याच्याच पायापाशी फोडला आणि म्हणली, "आवं पाव्हणं, हे खोबरं न्हेऊन तुमच्या दाजीला चारा, आणि सांगा, ज्याचं त्याला पोचंल." तवा आमाला वाटलं वहिनी रागात बोलली. न्हाई देवदत्त. वहिनी सांगून ठेवत व्हती.

५. आता मुद्द्याचं. तुझ्या आधीच्या कुठल्या साहेबाला मी बोल लावत न्हाई, कारण साहेबापुढं येणारी गाडी खरंच चांगली असती. हिवरतळ भागात काळ्या-पिवळ्या जीपा पाच. पासिंगला लागणारं मागचं जाळीचं दार एक. पाची जणांनी मिळून ते करून घेतलेलं. ते सामायिक हाय, जशी भावकीची विहीर असती तसं. ज्याची पासिंग त्याच्या गाडीला दार. तीच गोष्ट चांगल्या स्टेपनीची, तीच औषधाच्या पेटीची. पेटी तर इतक्या गाड्या फिरलीय की तिच्यातल्या कापसाला आता आटपाडी तालुक्याचा नकाशा पाठ असंल. साहेबापुढनं गाडी आली की संध्याकाळी दार काढायचं, दुसऱ्याच्या अंगणात टेकवायचं. ह्यात कुणाला काही गैर वाटत न्हाई. भाऊसो तर म्हणायचा, "एकी हाय आमच्यात."

६. दोन महिन्यांमागं, सकाळची शाळा सुरू असताना, बाजाराच्या दिवशी भाऊसो जीप घेऊन अर्जदाराच्या दुकानापुढं आला. मागं दोन बोकडं, आणि टपावर ते दार. कुणा दुसऱ्याची पासिंग झाल्याली, आता ह्याचा नंबर जवळ आलेला, म्हणून दार लागतंय का बघायला आलता. महेंद्रनं त्याला बघितलं. महेंद्रच्या मनात आलं, हा आता मान खाली घालंल. निदान पोरगीचं विचारंल. एवढं विचारलं असतं देवदत्त, तर हा अर्ज झालाच नसता, माझ्या भावाला मी ओळखतो, त्याला बोललेलं पुरतं. पर भाऊसो म्हणला, "ए मिस्त्री, एवढं दार लावून दे बघू. कच्चे टाके मार. पासिंग झालं की काढायचंय."

त्यानं महेंद्रला ओळखलंच न्हाई.

७. बिजागरी जुळंना. दार जड. भाऊसो स्वतःच म्हणला, "मी आतनं रेटतो, तू बाहीरनं टाके मार," आणि स्वतःच्या पायानं बोकडांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हे 'स्वतःच्या पायानं' तुझ्या लाल पेनानं अधोरेखित कर, कारण पोलिसात त्यानं उलटं सांगितलंय. वेल्डिंगच्या उजेडानं डोळं जात्यात म्हणून त्यानं टावेल तोंडावर घेतला आणि दार धरून उभा राहिला. महेंद्रनं पहिला टाका कच्चाच मारला. दुसरा बी कच्चाच. मी शेजारी सळ्या देत उभा व्हतो, मी बघितलंय. आणि मग टावेलाच्या आतनं भाऊसोला बोलायची हौस आली.

म्हणला, "लोकांनी ह्या दाराचं लय काढलंय बघ मिस्त्री. मागं एक पोरगी पडली, तवापासनं. पोरगी बी आगाव. हात नीट धरायचा का न्हाई?"

महेंद्रनं काच डोळ्यावरनं वर केली. इचारलं, "कुणाची व्हती पोरगी?"

"कुणाला ठावं. असंल फाट्यावरची कुणाची तरी."

महेंद्रनं काच खाली घेतली. माझ्याकडं हात केला, मी सळी दिली. मग आणखी एक. मग आणखी. गड्या, माझ्या भावानं आयुष्यात अशी वेल्डिंग केली न्हाई. वरनं खाली, डावीकडनं उजवीकडं, बिजागरी, कडी, चौकट, सगळं एकजीव. सांधा कुठं हाय ते आता त्याला स्वतःला बी सापडायचं न्हाई. भाऊसो टावेलात गुरगुरत व्हता, "किती टाके मारतोस रं, पासिंगपुरतंच हाय." महेंद्र म्हणला, "पासिंगपुरतंच मारतोय."

८. टावेल काढल्यावर भाऊसोनं दार ढकललं. हाललं न्हाई. खांदा लावला. हाललं न्हाई. मागं दार, पुढं गज, दोन्ही अंगाला गज, आणि मधी भाऊसो आणि दोन बोकडं. त्यातलं एक त्याच्या टावेलाचं टोक चघळायला लागलेलं. त्यानं सुरुवातीला शिव्या घातल्या, मग आवाज मऊ झाला, "मिस्त्री, चेष्टा पुरे." आणि खरं सांगतो, तेवढ्यात लाईट गेली. लाईट आमी घालवली न्हाई, हे पोलिसांनी बी मान्य केलंय. आता लाईट नसताना दार कापायचं कशानं? महेंद्र म्हणला, "लाईट येईस्तवर बसून काय करायचं? चला, शाळा सुटायच्या टायमाला पोरं आणायला जाऊ. तुमची रोजची खेप हाय की."

किल्ली गाडीलाच व्हती. गाडी मी चालवली. माझ्याकडं लायसन हाय, तू आणि मी एकाच दिवशी काढलंय, नंबर तुला पाठ असंल.

९. सदर प्रवासात भाऊसोला कुठलीच इजा झाली न्हाई. मी गाडी त्याच्याच वेगानं चालवली. खड्डा टाळला न्हाई, कारण तो टाळत न्हाई. ओढ्याच्या वळणाला तो घालायचा तशीच घातली. तो मागं बोंबलला, "हळू घे की रं, गजावरनं हात सुटतोय!" महेंद्र पुढं बसलेला. त्यानं मागं वळून बघितलं बी न्हाई, नुसतं म्हणला, "हात नीट धरायचा का न्हाई?" देवदत्त, त्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला आणि लय बरं बी वाटलं. बरं वाटलं हे मी लपवत न्हाई. बाजारातनं गाडी आली तवा लोक उठून उभं राहिलं. भाऊसो विभूते गजाला धरून उभा, शेजारी बोकड. एक म्हातारा म्हणला, "आरं, ह्यातला इकायचा कंचा हाय?" आमी थांबलो न्हाई. पोलिसातल्या कागदावर ह्याला अपहरण म्हणलंय. साहेब, आमी त्याला पळवला न्हाई. आमी त्याची शाळेला वाहतूक केली. रोज तो पोरांची करतो तीच. उलट त्याच्यापेक्षा जपून, कारण आमच्या गाडीला दार व्हतं.

१०. शाळंच्या फाटकापाशी गाडी लावली तवा पोरं सुटत व्हती. सगळी गाडीभोवती गोळा झाली. पोरांनी बोकडांना लिंबाचा पाला दिला, भाऊसोला कुणी काय दिलं न्हाई. हेडमास्तर धावत आलं, "आवं मिस्त्री, हे काय, दार उघडा!" महेंद्र म्हणला, "उघडतो सर. लोखंडाची करवत आणलीय, गज कापून काढतो. एक अट हाय." आणि जाळीपाशी जाऊन भाऊसोला म्हणला, "ह्यातली रोज तुमच्या गाडीतनं येणारी पोरं कंची? सगळ्यांची नकोत. एकाचं नाव सांगा."

आता ऐक. पोरांना त्याच्या गाडीचा नंबर पाठ. त्याचा हॉर्न पाठ. तो कुठल्या वळणाला थुंकतो ते पाठ. आणि भाऊसो जाळीला नाक लावून एकेक तोंड बघतोय, वर्षानुवर्षं त्याच्या फाळक्यावर उभी राहिलेली तोंडं, आणि त्याला एक नाव येईना. म्हणला, "ते... ते पांढऱ्या शर्टाचं." सगळीच पांढऱ्या शर्टाची रं. पोरं हसायला लागली. पोरांचं हसू लय वाईट असतंय, त्यात दया नसती.

तवा गर्दीतनं दीक्षा पुढं आली. दप्तर डाव्या खांद्याला, उजवा हात तसाच, मोडल्यागत. भाऊसोनं हाताकडं बघितलं, मग महेंद्रकडं, आणि इचारलं, "ही कोण?"

दीक्षाच बोलली. "आवं काका, मी पडलेली."

हसायचं थांबलं. भाऊसो जाळी सोडून खाली बसला, बोकडांच्यात. महेंद्रनं स्वतः खिडकीचं गज कापलं आणि त्याला हात देऊन बाहेर काढला. नाव त्यानं शेवटपर्यंत सांगितलं न्हाई. इचारलं बी न्हाई.

११. तुला वाटंल, झालं की मग, फिटलं. न्हाई फिटलं. अपमान झाला त्याचा, पर हात मोडला आमच्या पोरगीचा. दोन्ही एका तागडीत घालू नको. शिवाय माणूस सुधारला असता तर गोष्ट वेगळी. त्यानं दुसऱ्याच दिवशी पोलिसात तक्रार दिली. दार मात्र निघत न्हाई. बाकीच्या चार जीपवाल्यांनी येऊन कानस लावून बघितली, हातोडा मारून बघितला, गॅसनं कापावं तर दाराचंच भंगार होतंय, मग त्याच्याच दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कारण आता त्यांच्या पासिंगला दार कुठनं आणायचं? एकी गेली. गेली ते बरं झालं. आणि आता पक्की बातमी अशी की सोमवारच्या कॅम्पात भाऊसो तेच दार तुझ्यापुढं करणार, पासिंग घेणार, आणि मंगळवारी गॅसनं दार कापून काढणार. फाळका तयार हाय. नवीन पट्टी बी आणलीय, ट्यूबचीच.

शाळा पंधरवड्यात उघडत्यात. महेंद्रची धाकटी अक्षता आता पाचवीत जाणार, त्याच शाळंत. दीक्षासंगं रोज एवढं चालायचं तिचं वय न्हाई. तिला त्या टायमाला ह्याच पाच गाड्यांतली एक गाठायची हाय. रोज रात्री ती बापाला इचारती, "आण्णा, मी कुठं उभी राहू?" बसू न्हाई म्हणत रं. उभी राहू.

१२. सबब विनंती अर्ज की :

(अ) सोमवारी पाची जीपा एकाच दिवशी, एकाच टायमाला, एका रांगेत उभ्या कराव्यात. एकेक बोलवू नये. दार एक हाय. कुणाकुणाच्या गाडीला बसतंय ते सगळ्यांनी बघू दे.

(ब) भाऊसोच्या गाडीला पासिंग देऊ नये. द्यायचंच झालं, तर फाळका पाडून त्याच्यावर भाऊसोला उभा करावा, एका हातात दप्तर द्यावं, आणि गाडी ओढ्याच्या वळणावरनं फिरवून आणावी. गाडी चालवायला अर्जदाराचा भाऊ फुकट येईल.

(क) ते दार कापलं, तर त्या दिवशी त्याचं परमिट बी कापावं.

(ड) अर्जदारावरची तक्रार मागं घ्यायला लावावी, अशी आमची विनंती न्हाई. ती राहू दे. चौकशीत महेंद्रला कुणी इचारलं तर तो खरंच सांगणार हाय, आणि भाऊसोला बी साक्षीत तेच इचारलं जाईल. एका पोराचं नाव.

भाऊसोला माफ करा म्हणायला आमी मोठ्या मनाची माणसं न्हाई. मोठ्या मनाची माणसं आत सीटवर बसत असतील. आमी फाळक्यावरची.

सोबत : १) तुटलेली ट्यूबची पट्टी. ओढ्यापाशी दीक्षाला सापडली, तिनंच जपून ठेवलीय.
२) दीक्षानं डाव्या हातानं लिहून दिलेली, फाळक्यावर उभं राहणाऱ्या सगळ्या पोरांची नावं. एक प्रत तुझ्यासाठी, एक भाऊसोला पाठ करायला.

देवदत्त, आता साहेबाची टोपी जरा टेबलावर ठेव. आपण दोघं एका स्टोव्हवर भात शिजवून खाल्लाय. तुझी बी लेक अबोली आता शाळेत जायला लागली असंल, वाईत असंल न्हाईतर तुझ्यासंगं सांगलीत, कुठल्या तरी गाडीत रोज कुणाच्या तरी भरवशावर चढत असंल. समज, हातात सळी हाय, लाईट हाय, आणि दाराच्या आत तोंडावर टावेल घेतलेला एक माणूस तुला सांगतोय, "असंल कुणाची तरी." तू कच्चा टाका मारला असतास का पक्का? खरं सांग गड्या, तू काय केलं असतंस?

आपल्या उत्तराची वाट बघणारा, रीतसर,

अर्जदार : महेंद्र धोंडीबा ठोकळे (सही)
अर्जदाराकरिता लिहिणार : प्रबुद्ध